भरती कधी केलं होतं?

"भरती कधी केलं होतं?" विमा कंपनीतल्या बाईंनी मला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी सांगितलं, भरती करावं लागू नये म्हणूनच तर हे इंजेक्शन घेतलंय.

लेकीला पाच महिन्यांची असल्यापासून इसब. मलमं, ओल्या पट्ट्या, वांगं-दही बंद, सगळं झालं. रात्री तिचे दोन्ही हात धरून मी झोपायचे. तरी सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. सातव्या वर्षी कातडी चिघळली, ताप चढला, चार दिवस सलाइन. तो दावा महिनाभरात मंजूर झाला.

पुढे डॉक्टरांनी डुपिलुमॅब हे इंजेक्शन सुचवलं, तेव्हा आधी मीच नाही म्हटलं. प्रतिकारशक्तीत ढवळाढवळ, तीही एवढ्याशा पोरीच्या? त्यांनी समजावलं की इंटरल्युकिन 4 आणि 13 हे दोन निरोपे त्वचेला सारखे भडकवत राहतात. औषध तेवढे निरोप अडवतं, सगळी प्रतिकारशक्ती दाबत नाही. अमेरिकेत 6 ते 11 वर्षांच्या मुलांसाठी 2020 मध्ये परवानगी मिळाली, सहा महिन्यांच्या बाळांपासून 2022 मध्ये. बावीस किलोच्या मुलीला पहिल्या दिवशी दोन सुया, मग दर 4 आठवड्यांनी एक.

तिसऱ्या महिन्यात ती रात्रभर झोपली. मीच जागी होते, खाजवल्याचा आवाज येतोय का ऐकत.

आणि विमा कंपनीचं पत्र आलं: बाह्यरुग्ण उपचार, दावा नामंजूर. म्हणजे कातडी पुन्हा सडेपर्यंत थांबले असते तर पैसे मिळाले असते! विमा नियामकाच्या 2019 च्या आधुनिक उपचारांच्या यादीत मोनोक्लोनल अँटिबॉडीचं इंजेक्शन स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि डुपिलुमॅब तेच आहे. ती यादी छापून मी त्या बाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी ती वाचली, परत माझ्याकडे सरकवली आणि तोच प्रश्न विचारला. काही सेकंदांच्या सुईसाठी मुलीला पलंगावर झोपवायचं? मी माझ्या पाटल्या मोडल्या.

हे औषध आधीच का नाही दिलं, असं आता मी डॉक्टरांशी भांडते. पण सिरिंज फ्रीजमधून काढून पाऊण तास बाहेर ठेवते, तेव्हा पोटात तोच जुना गोळा येतो. मध्यंतरी तिचे डोळे लाल झाले होते, थेंब घालावे लागले. किती वर्षं चालणार हे?

तुमच्या पॉलिसीत आधुनिक उपचारांचं कलम काय म्हणतं, मर्यादा किती, ते आजच वाचा. नकार तोंडी घेऊ नका, लेखी मागा. माझी तक्रार विमा लोकपालांकडे दिली आहे. पुढची सुई गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी आहे.