ऐवजदार

दुसऱ्याच्या जागी राबतो तो ऐवजदार. नागपूरच्या सफाई कामगारांत हा शब्द जुनाच. 2020 पर्यंत तेथील महापालिकेने कामगारांच्या मनगटांवर जीपीएस घड्याळे बांधली होती, आणि खुद्द ऐवजदाराच्या जागी नकाशावरचा एक ठिपका आला. वर्गात ‘प्रतिमा’ शिकवताना मला हल्ली हाच ठिपका आठवतो. नेमलेला भाग सोडला की तो चुगली करी, पगार कापला जाई. झाडू चालतो आहे की नाही, गटारातला गाळ किती जड आहे, हे मात्र त्याच्या गावीही नसे. (याला कार्यक्षमता म्हणायचे!) हरियाणातील पंचकुलात अशीच घड्याळे आली, तेव्हा त्यांतल्या कॅमेऱ्यामुळे स्वच्छतागृहात जाण्याचीही स्त्रियांना धास्ती वाटू लागली. पडद्यावर त्या वेळी ठिपका नुसता थांबलेला दिसत असणार.