आभाराचे पैसे आणि टोकियोतले घर

टोकियो आणि परिसरात घर भाड्याने घेताना घरमालकाला अनेकदा दोन वेगळ्या रकमा द्याव्या लागतात. पहिली 'शिकिकिन', म्हणजे आपल्याकडची अनामत, जी घर सोडताना थकबाकी आणि नुकसानभरपाई वजा करून परत मिळते. दुसरी 'रेइकिन', जिच्या नावातल्या 'रेइ'चा अर्थ आभार आणि 'किन'चा अर्थ पैसा, आणि जी कधीच परत मिळत नाही. भाडे भाडेकरूने भरायचे, घर त्यानेच निगुतीने राखायचे आणि वर राहू दिल्याबद्दलचे आभारही त्यानेच रोख मोजायचे, हा व्यवहार मुंबईची पागडी माहीत असलेल्या मराठी माणसाच्याही पचनी पडत नाही. कारण पागडी देणाऱ्याला निदान घरावर टिकाऊ हक्क मिळतो, त्याचे भाडे वर्षानुवर्षे फारसे हलत नाही आणि तो हक्क पुढे दुसऱ्याला देताना आलेल्या रकमेत त्याचाही वाटा असतो, तर रेइकिनच्या बदल्यात मिळतो तो बहुधा दोन वर्षांचा करार, ज्याच्या अखेरीस 'कोशिन्र्यो' नावाचे नूतनीकरण-शुल्क, साधारणपणे एका महिन्याचे भाडे, पुन्हा दारात उभे राहते. हे शुल्क अवाजवी नसेल तर वैध आहे, असा निर्वाळा जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011मध्ये दिल्यामुळे भाडेकरूची न्यायालयात दाद मागण्याची वाटही अरुंद झाली आहे.

येथे नोंदवलेला अनुभव पुण्याहून गेलेल्या एका कुटुंबाचा, म्हणजे प्रस्तुत लेखकाच्याच घरचा आहे. वस्ती निवडली ती एदोगावा विभागातील निशिकासाई, जेथे साधारण 2000पासून भारतीय संगणक अभियंत्यांची घरे वाढत गेली आणि ज्या विभागाच्या परिषदेवर 2019मध्ये मराठमोळे योगेंद्र पुराणिक निवडून आले. यूआर या निमसरकारी गृहसंस्थेच्या घरांना ना रेइकिन लागते, ना जामीनदार, ना दलाली. पण त्या वेळी सोयीचे घर तेथे रिकामे नव्हते आणि खासगी घरांपैकी तीन ठिकाणी, दलालाने फोनवर 'परदेशी' हा शब्द उच्चारताच, नकार आला. जपानच्या न्याय मंत्रालयाने 2017मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत घर शोधलेल्या परदेशी नागरिकांपैकी सुमारे 39 टक्के लोकांनी असाच नकार सांगितला होता, त्यामुळे आश्चर्य वाटायचे कारण नव्हते. राग मात्र आला.

चौथ्या घराचे भाडे 1,20,000 येन होते. अनामत एका महिन्याची, आभाराचे पैसे एका महिन्याचे, दलाली एका महिन्याची आणि तिच्यावर दहा टक्के कर, आगाऊ भाडे, जामीनदाराऐवजी हमी देणाऱ्या कंपनीचे अर्धे भाडे, आगीचा विमा आणि कुलूप बदलण्याचा खर्च मिळून किल्ली हाती येण्याआधीच 5,88,500 येन गेले. यांपैकी रेइकिन सोडून प्रत्येक रकमेला काही ना काही कारण तरी सांगता येत होते. रेइकिनचे कारण विचारल्यावर दलालाने नम्रपणे मान लववून तो 'प्रघात' असल्याचे सांगितले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर तितक्याच नम्रपणे तेच उत्तर दिले. वास्तविक घरे रिकामी पडू लागली की हेच मालक 'शून्य अनामत, शून्य रेइकिन' अशा जाहिराती लावतात; म्हणजे ज्याला प्रघात म्हणतात तो टंचाईचा भाव आहे, आणि त्याला आभाराचे नाव देणे हा भाषेवरचा अन्याय आहे.

त्या घरात पहिल्या संध्याकाळी दिवाच नव्हता. छताला फक्त एक गोल खोबण होती, कारण दिवा, पडदे आणि गॅसची शेगडी भाडेकरूने स्वतः आणायची असते. गॅसही कंपनीचा माणूस घरी येऊन, भाडेकरूच्या समक्ष, सुरू करतो, आणि त्याची वेळ मिळाली होती दुसऱ्या दिवसाची. मोबाइलच्या उजेडात, दुकानातून आणलेले भाताचे त्रिकोणी गोळे चालू असताना तळमजल्यावर राहणाऱ्या वृद्ध घरमालकीणबाई स्वतःचा जुना दिवा आणि घडीची शिडी घेऊन वर आल्या आणि तो दिवा त्या खोबणीत फिरवून बसवून गेल्या. चौथ्या दिवशी त्याच बाईंनी दारात चिठ्ठी अडकवली, जिच्यात जळणारा कचरा कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत ठेवायचा हे लाल शाईने अधोरेखित केले होते. त्यांच्याविषयी नेमके काय वाटावे, हे अजूनही ठरलेले नाही.

हळदीचे आणि फोडणीच्या तेलाचे डाग भिंतीवरच्या कागदावर बसतात, म्हणून शेगडीमागची भिंत पहिल्याच आठवड्यात धातूच्या पत्र्याने झाकावी आणि प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येक ओरखड्याचा तारखेसह फोटो काढावा. 1 एप्रिल 2020पासून लागू झालेल्या सुधारित नागरी संहितेनुसार नेहमीच्या वापराने होणाऱ्या झिजेचा भार भाडेकरूवर पडत नाही, आणि सरकारी मार्गदर्शिकेत भिंतीच्या कागदाचे मूल्य सहा वर्षांत जवळजवळ शून्य धरले आहे. तेलकट डाग मात्र निष्काळजीपणात मोडू शकतात.

रेइकिन घेणाऱ्याच्या घरात दोन वर्षांपेक्षा एक दिवसही अधिक राहायचे नाही, असे पहिल्या रात्री ठरले होते. तो करार नंतर दोनदा वाढवला, दोन्ही वेळा एकेका महिन्याचे भाडे मुकाट्याने भरले, आणि तो जुना दिवा अजून छताला आहे.