मुलगी वस्तुसंग्रहालयात काय शिकली?

कॉलेजातल्या मुलामुलींना आता काही आठवडे कुठेतरी प्रत्यक्ष काम करून यावे लागते. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाने ही इंटर्नशिप अभ्यासक्रमातच आणून बसवली आहे. कॉमर्सची मुले एखाद्या सीएच्या ऑफिसात चिकटतात, सायन्सची प्रयोगशाळेत जातात. आर्ट्सच्या मुलांनी कुठे जावे, हा प्रश्न आमच्याही घरी आला. आमची थोरली इतिहास विषय घेऊन बी.ए. करते. तिने मुंबईतल्याच एका वस्तुसंग्रहालयात अर्ज केला आणि तेथे तिला दोन महिन्यांसाठी घेतले.

वस्तीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. "बी.ए. करून मूर्तीवरची धूळ पुसायची का?" असे एका गृहस्थांनी आम्हास विहाराच्या पायरीवरच विचारले. विचारणारे काही वाईट नाहीत. त्यांचा मुलगा सुट्टीत मॉलमध्ये दिवसभर उभा राहून घरात चार पैसे आणतो. कष्टकरी कुटुंबाला दोन महिन्यांचे बिनपगारी काम ही चैन वाटते, आणि ती वाटणारच. म्हणून या दोन महिन्यांचा जमाखर्च समाजबांधवांपुढे मांडावा असे ठरवले. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, जमाखर्च मांडल्याशिवाय आम्हास चैन पडत नाही.

आधी खर्चाची बाजू. मानधन शून्य. रेल्वेचा विद्यार्थी सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढ्याच प्रवासाला मिळतो. संग्रहालय दुसऱ्या बाजूला, त्यामुळे पूर्ण भाड्याचा पास काढावा लागला. डबा घरचा. पहिले बारा दिवस तिला एका खोलीत बसवून जुन्या कार्डांवरचा मजकूर कॉम्प्युटरमध्ये भरायला लावला. मार्गदर्शक म्हणून ज्यांचे नाव पत्रात होते ते एकदाही खोलीत डोकावले नाहीत. पोरगी रडकुंडीला आली. तिची आई म्हणाली, "हेच काम तुझे पप्पा रोज करतात. त्यांना निदान पगार तरी मिळतो." संग्रहालयाचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण हे अनेक ठिकाणी असेच चालते.

परंतु कार्डे भरता भरता तिच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती तिने जेवताना आम्हास सांगितली तेव्हा आमचेही कान टवकारले. आमच्या कार्यालयात जडवस्तू संग्रह नोंदवही असते. टेबल, खुर्ची, कपाट, पंखा, प्रत्येकाला नंबर. वर्षाअखेर आम्ही वही घेऊन फिरतो आणि खुर्चीच्या पायावरचा नंबर वाकून वाचतो. संग्रहालयातही अशीच नोंदवही असते, पण तिच्यात आणखी पुष्कळ लिहितात. वस्तू कोणाकडून आली, कोणत्या गावची, कोणी वापरली, कशाची बनली, मापे काय, तडा कुठे गेला आहे. नंबरही वस्तूवर सरळ रंगवत नाहीत. आधी पारदर्शक लेपाचा लहानसा पट्टा देतात, त्यावर नंबर घालतात, आणि तोही समोरून दिसणार नाही अशा जागी, म्हणजे उद्या काढायचा झाला तर वस्तूला इजा होऊ नये. ज्या वस्तूची माहिती लिहिलेली नाही ती कितीही सुंदर असली तरी मुकी. तिला अशी मुकी भांडी, मुके दागिने बरेच भेटले. देणारा गेला, घेणारा निवृत्त झाला, आणि कार्डावर उरले फक्त "तांब्याचे भांडे, एक".

पुढे एका वयस्क कर्मचाऱ्याने तिला हाताशी धरले. या माणसाकडे पदवी नाही, पण तीस वर्षे त्याच्या हातून वस्तू फुटलेली नाही असे तेथे सांगतात. त्याने शिकवले ते असे. भांडे कानाला किंवा गळ्याला धरून उचलायचे नाही; एक हात बुडाखाली हवा. धातूला उघडा हात लावायचा नाही, घामातले मीठ धातू खाते. भांडारात शाईचे पेन न्यायचेच नाही. पेन्सिल चालते, कारण पेन्सिलीची रेघ खोडता येते. कापड आणि कागद यांचा शत्रू प्रकाश, म्हणून त्या दालनात दिवे मंद ठेवतात. पावसाळ्यात मुंबईची हवा ओली, बुरशीला निमंत्रणच. तेव्हा पेट्यांतले आर्द्रता शोषणारे दाणे पुन्हा पुन्हा पाहावे लागतात. आमच्या घरात कप कसा उचलावा यावर आता व्याख्यान होते, ते जाऊ द्या.

मग तिला वस्तूशेजारची पाटी लिहायला दिली. पन्नास शब्दांत एक वस्तू. तिने सहा वेळा लिहून सहा वेळा फाडली. येथे आम्हास वाटते त्या दोन महिन्यांतली मोठी कमाई झाली. पाटी कोणीतरी लिहितो, आणि लिहिणारा काय सांगायचे व काय गाळायचे ते ठरवतो, हे तिला कळले. राणीच्या बागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आपल्या गिरणगावाच्या दारातच आहे. १८७२ साली ते लोकांना खुले झाले. तेथे मुंबईच्या जातीजमातींच्या आणि धंदेवाल्यांच्या मातीच्या लहान आकृती आहेत. आम्ही लहानपणी त्या पाहून "बाहुल्या, बाहुल्या" करत पुढे पळत असू. थोरली मात्र त्यांच्यासमोर बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "पप्पा, यांचं नाव काय लिहायचं ते यांना कोणी विचारलं असेल का?" आम्ही काय उत्तर देणार?

इंटर्नशिप संपल्यावर एका रविवारी ती विहारातील बारा-तेरा मुलांना घेऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेली. आम्ही डबे धरायला बरोबर होतो. तेथे सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा आहे. नालासोपाऱ्याजवळ भुईगाव येथे तो १९५६ साली सापडला. त्याआधी १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यास आठव्या लेखाचा तुकडा मिळाला होता. म्हणजे ज्या वर्षी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्याच वर्षी आपल्या मुंबईच्या उशाशी अशोकाची ही अक्षरे जमिनीतून वर आली. हा निव्वळ योगायोग आहे, त्याचा चमत्कार करू नये. पण अंगावर काटा आला खरा.

तिने मुलांना ब्राह्मीतला "क" दाखवला. तो गणितातल्या अधिकच्या चिन्हासारखा असतो. "ग" म्हणजे झोपडीचे छप्पर. मुले काचेपाशी वाकून छपरे मोजू लागली. मग तिने अर्थ सांगितला. सोपाऱ्याच्या तुकड्यावर लेखाचा थोडाच भाग उरला आहे, पण गिरनार, कालसी येथे हाच लेख कोरलेला असल्याने संपूर्ण मजकूर कळतो. आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, बाळ जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ अल्प, असे राजा त्यात सांगतो. फळ मोठे कशाचे? दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा मान, प्राणिमात्रांबाबत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. हे ऐकून सातवीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, मग आपल्या बिल्डिंगमध्ये लग्नाला मुहूर्त का काढतात?" बरोबर आलेल्या दोन माता एकमेकींकडे पाहून हसल्या. आम्ही विहारात वर्षानुवर्षे भाषणे ऐकतो आणि देतोही. पण त्या मुलाने हा प्रश्न कोणाच्या भाषणानंतर विचारला नव्हता.

नोकरीचे म्हणाल तर खोटी आशा दाखवणार नाही. संग्रहालयातल्या जागा थोड्या. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. पालकांनी मात्र आधी चौकशी करावी. काम नक्की कोणते, रोज शिकवणार कोण, प्रवासखर्च मिळणार का, प्रमाणपत्रावर केलेल्या कामाचा उल्लेख असेल का, हे लेखी विचारावे. लाजू नये. आणि संग्रहालयांनीही निदान रेल्वेचा पास द्यावा. नाहीतर बापाच्या खिशात पैसा आहे तीच मुले तेथे शिकतील आणि पाट्याही तीच लिहितील. आपल्या घरची मुले तिकीट काढून त्या वाचत राहतील.

आपल्याजवळ जपण्यासारखे काय आहे, असे काहींना वाटते. नागपूरजवळ चिचोलीला बाबासाहेबांचे कपडे, टंकलेखन यंत्र अशा वस्तू आज पाहायला मिळतात, त्या नानकचंद रत्तू यांनी जिवापाड सांभाळल्या म्हणून. आपल्या घरच्या पत्र्याच्या पेटीत काय आहे ते आपण भंगारवाला दारात आल्यावरच पाहतो.

आमच्या पेटीत आजोबांचे मिलचे ओळखपत्र निघाले. ते लॅमिनेशन करून आणावे असे आमच्या मनात होते. थोरलीने हात धरला. लॅमिनेशनची उष्णता आणि डिंक जुन्या कागदाला मारक असतो, आणि एकदा चिकटलेले प्लास्टिक पुन्हा निघत नाही. सेलोटेपही लावू नये. आम्लमुक्त कागदात गुंडाळून सपाट ठेवावे. मग तिने त्यावरची अक्षरे वाचली: रिंग खाते. "विणकाम खात्यात पगार जास्त होता ना? मग पणजोबा रिंगमध्येच का?" असे तिने विचारले. तेव्हा आम्ही तिला सांगितले की धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून आपल्या माणसांना विणकाम खात्यात शिरू देत नसत. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला होता. हे तिने पुस्तकात वाचलेले होते. पणजोबांच्या कार्डावर ते प्रथमच पाहिले. तिने वहीत नोंद केली: क्रमांक १, मिलचे ओळखपत्र, कागद, डावा कोपरा फाटलेला.

क्रमांक २ एक फोटो आहे. मिलच्या फाटकासमोर अकरा माणसे उभी आहेत, मागे एक अक्षर लिहिलेले नाही. आमचे वडील हयात नाहीत. गावी आमची आत्या आहे, वय ऐंशीच्या पुढे. थोरलीने तिला व्हिडिओ कॉल लावला आणि फोटोतला एकेक चेहरा मोठा करून दाखवला. दीड तास लागला. मध्ये आत्या दोनदा रडली, एकदा खूप हसली, कारण त्यातला एक जण जलशात बाईचे काम करायचा. नऊ नावे मिळाली. मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूस कडेला, हलक्या हाताने ती लिहिली आहेत. उजवीकडून तिसरा आणि अगदी मागे उभा असलेला उंच माणूस, हे दोघे राहिले. आत्या म्हणते, शेजारच्या गावात एक म्हातारे आहेत, त्यांना ठाऊक असेल. त्यांनाही आता कमी दिसते. पुढच्या महिन्यात दोन दिवसांची रजा टाकून आम्ही बापलेक तिकडे जाणार आहोत.