नळाचा वार

संभाजीनगरातल्या लेकरांना सोमवार-मंगळवार समजण्याआधी नळाचा वार समजतो. मधे किती दिवस गेले, हे घरातल्या ड्रमचा तळच सांगतो. मग एखाद्या अवेळी गल्लीत हाक उठते, ‘नळ आले!’ मोटारी घुरघुरायला लागतात, हंडे-कळश्या निघतात, आणि चार वर्षांचं पोरही आपला तांब्या घेऊन रांगेत घुसतं. तांदळाचं धुवण कढीपत्त्याला घालायचं असतं, हे त्याला आजीला पाहूनच कळलेलं असतं.

अशा पोराला बालवाडीत ‘पाणी वाचवा’ म्हणून घोकायला लावतात, तेव्हा मला हसू येतं आणि थोडा रागही. टंचाई त्याला आपल्याहून चांगली ठाऊक आहे. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, एवढंच त्याला कुणी दाखवलेलं नाही.

दाखवायला या शहराइतकं सोयीचं गाव नाही. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली आणि तिला पाजायला नहर, म्हणजे जमिनीखालचा कालवा, खोदली. इथल्या पाणचक्कीलाही दूरच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून, निव्वळ उताराच्या बळावर येई आणि उंचावरून पडून यात्रेकरूंचं दळण दळी. आज आपण पैठणच्या नाथसागर जलाशयातून विजेच्या पंपांनी पाणी चढावर ओढतो. उताराचं पाणी आणि चढाचं पाणी हा फरक पोराला सांगून समजणार नाही. पण अंगणात मातीचा पाट काढून तांब्याभर पाणी सोडू दिलं, की त्याचं त्यालाच उमगतं. पाणचक्कीच्या कडेनेच खाम नदी वाहते. आपण वापरून टाकलेल्या पाण्याचा वास तिथे नाकानेच समजतो. अलीकडे तिचे काठ साफ करायला माणसं लागली आहेत, तेही पोरांनी पाहावं.

पाहून-करून शिकण्याची ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम मांडलं, पुढे अनुताई वाघांसह त्या कोसबाडला गेल्या. गुरं राखणारी, धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच अंगणात आणि कुरणात गेली. महागड्या साहित्याऐवजी पानं, बिया, खडे, शंख आले. पर्यावरणाचा तास वेगळा काढायची गरजच उरली नाही.

तीन ते सहा या वयात पृथ्वी संपत चालल्याची भीती घालू नये. भ्यालेलं पोर डोळे मिटतं. ओळख झालेलं पोर विचारतं. नळाचा माग काढत ते नाथसागरापर्यंत गेलं, पाणचक्कीचा माग काढत डोंगरापर्यंत आणि मोरीचा माग काढत खामपर्यंत, तर उद्या ते आपल्यालाच विचारील: उतारावरून येणारं पाणी तुम्ही का सोडलंत? नदीत हे कुणी टाकलं? हे प्रश्न आपल्याला जड जातील. जावेतच.