आमचे एक मत

आम्हांला मते पुष्कळ आहेत. ती मागणारा मात्र कोणी भेटत नाही. कचेरीत ती मागण्याचा प्रघात नाही, घरी ती ऐकली जाण्याचा संभव नाही, आणि राजकारणाविषयी ती उघड करण्याची आम्हांला मनाईच आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत शिरताना आम्ही ज्या अनेक कागदांवर सह्या केल्या, त्यांबरोबरच १९६४ चे आचरण नियम आम्हांला येऊन चिकटले. त्यांतील पाचवा नियम मोठा मार्मिक आहे. सरकारी नोकराने मतदान खुशाल करावे. परंतु आपण कोणास मत देणार किंवा कोणास दिले, याचा सुगावा कोणालाही लागू देऊ नये. अंगावर, वाहनावर किंवा घरावर पक्षाचे चिन्ह लावणेही निषिद्ध. नववा नियम सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका छापू देत नाही. ती टोपणनावाने केली तरी सुटका नाही. निव्वळ वाङ्मयीन लेखनास तेवढी पूर्वपरवानगी लागत नाही. प्रस्तुत लेखन वाङ्मयीन आहे, याविषयी संपादक आणि आमचे वरिष्ठ यांच्यांत एकमत व्हावे, एवढीच आमची प्रार्थना आहे.

कचेरीतील लिखाणाने तर आमच्यातला 'मी' केव्हाच खाऊन टाकला आहे. टिपणात "मला वाटते" असे लिहिणारा कारकून अद्याप जन्मास यावयाचा आहे. तेथे "असे वाटते", "उचित होईल", "आदेशार्थ सादर" हीच भाषा चालते. कोणाला वाटते, हे गुलदस्तात. पूर्वी ही टिपणे हिरव्या कागदावर चढत, आता ती संगणकाच्या पडद्यावर चढतात. कर्ता मात्र दोन्हीकडे गैरहजरच असतो. बारा वर्षे असे लिहिल्यानंतर येथे आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणवून घेतो, ती ऐट नव्हे, सवय आहे.

राजकारणावर बोलता येत नाही म्हणून आमच्यासारखी माणसे चित्रपटांवर बोलतात. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी 'छावा' प्रदर्शित झाला आणि रामकृष्णपुरमच्या आमच्या वसाहतीत आमचा भाव एकाएकी वधारला. एरवी आम्हांला गणपतीच्या दिवसांत, मोदकांपुरते ओळखणारे शेजारी जिन्यात अडवून विचारू लागले, "हे सारे खरोखरच असे घडले काय?" जणू १६८९ साली आम्ही टिपण घेण्यास तेथे हजर होतो! चित्रपट येण्यापूर्वीच त्यातील लेझीमच्या दृश्यावरून वाद होऊन दिग्दर्शकांनी ते गाळले होते. त्याबद्दल आमचे मत कोणी विचारले नाही. विचारले असते तर सांगितले असते, की शाळेच्या पटांगणावर लेझीम खेळूनच आमचे खांदे भरले. राजाच्या हाती ती अशोभनीय वाटेल, असे आमच्या मनातही आले नसते.

चित्रपट आम्ही सहकुटुंब पाहिला. अखेरचा छळ पाहताना शेजारच्या खुर्चीवरील वृद्ध सरदारजी रडले, आम्हीही रडलो. बाहेर पडताना मात्र एक हुरहूर राहिली. ज्या राजपुत्राने 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ रचला, त्याच्या लेखणीला तलवारीच्या मानाने मिळालेली जागा आम्हांला तोकडी वाटली. तो मेला कसा, हे साऱ्या दिल्लीने पाहिले. तो वाचीत काय होता, हे विचारणारा शेजारी अजून जिन्यात भेटावयाचा आहे. मराठीतला चित्रपट येथे आलाच तर एखाद्या अवेळच्या खेळाला येतो, आणि आम्ही तयारी करून निघेपर्यंत परतलेला असतो. पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, १९५४ साली, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक 'श्यामची आई' या मराठी चित्रपटाला मिळाले होते, असे सांगितले, की शेजारी आदराने मान डोलावतात आणि विचारतात, "हिंदीत आहे का?"

त्याच महिन्यात, २१ ते २३ तारखांस, अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले. यापूर्वी ते येथे भरले होते १९५४ मध्ये. अध्यक्ष होते आमच्या जिल्ह्यातील वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. या खेपेस अध्यक्षपद डॉ. तारा भवाळकर यांच्याकडे होते. तालकटोऱ्याच्या त्या गर्दीत आमची आठ वर्षांची कन्या भांबावून गेली. एवढे मराठी तिने एका ठिकाणी कधी ऐकले नव्हते. आमच्या सदऱ्याची बाही ओढून तिने विचारले, "बाबा, ये सब लोग अपने गाँव के हैं क्या?" सौभाग्यवती हसून म्हणाल्या, "हो, सगळे आपल्याच गावचे." आम्हांला मात्र हसू आले नाही. आपले गाव कोणते, या प्रश्नाचे सरकारी उत्तर आम्ही पंधरवड्यापूर्वीच देऊन बसलो होतो. खरे उत्तर अजून सापडावयाचे होते.

हकीगत अशी, की दिल्लीस बारा वर्षे काढूनही मतदारयादीतील आमचे नाव सातारा जिल्ह्यातील गावीच राहिले होते. सौभाग्यवतींनी लग्नानंतर वर्षभरातच आपले नाव येथे नोंदविले. त्या म्हणत, "अहो, नळाला पाणी येत नाही ते येथे, आणि तुमचे मत तिकडे सातशे कोसांवर!" कोसांचा हिशेब आम्ही लगेच तपासून दाखवीत असू, मुद्द्याला उत्तर देत नसू.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आमच्या गावचे मतदान ७ मे रोजी झाले. रजा जमली नाही. दिल्लीचे मतदान २५ मे रोजी होते, आणि त्या दिवशी सरकारने आम्हांला एका शाळेत दुसरा मतदान अधिकारी म्हणून बसविले. नोंदवहीत सही घ्यावयाची आणि डाव्या हाताच्या तर्जनीस शाई लावावयाची, एवढेच आमचे काम. ही न पुसणारी शाई म्हैसूरच्या कारखान्यात होते. १९६२ च्या निवडणुकीपासून ती देशाच्या बोटांना लागत आली आहे. उन्हाने अंगाची लाही होत होती, तरी रांग हटत नव्हती. मेंदीची बोटे, चुन्याची बोटे, ग्रीसने काळी झालेली बोटे, थरथरणारी बोटे. दुपारी एक भाजीवाली म्हातारी आली. तिच्या बोटावर काडी टेकविताना तिचे लक्ष आमच्या हाताकडे गेले. ती म्हणाली, "बाबूजी, आपकी उँगली तो कोरी है!" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नवल होते. आम्ही पुढचा अनुक्रमांक लिहिला.

यावर आमच्यासारख्यांसाठी एक तोड निघाली होती. परगावी राहणाऱ्यास तेथूनच आपल्या गावचे मत देता यावे, म्हणून निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये एका नव्या यंत्राची कल्पना मांडली. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघ सामावणार होते. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना ते पाहण्यास बोलाविले, पक्षांनी शंका काढल्या, आणि २०२४ ची निवडणूक त्यावाचून पार पडली. तेव्हा आम्ही हळहळलो होतो. म्हातारीच्या त्या शब्दांनंतर मात्र हळहळ ओसरली. १९५० चा कायदा सांगतो, की माणूस सामान्यतः जेथे राहतो तेथील यादीत त्याचे नाव असावे. दुसऱ्यांच्या अर्जांतील पोटनियम शोधण्यात आमचा हात धरणारा कारकून आमच्या शाखेत नाही. हा नियम तेवढा बारा वर्षे आमच्या नजरेस पडला नव्हता.

नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली. या वेळी रजा मिळाली. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी आम्ही निघालो, त्या दिवशी दिल्लीच्या हवेचा निर्देशांक साडेचारशेच्या वर होता. शाळा बंद करून मुलांना घरी बसविले होते. कन्या खिडकी लावून, फोनच्या पडद्यावरील बाईंपुढे खोकत बसली होती. तिने विचारले, "बाबा, कशाला चाललात?" आम्ही म्हणालो, "मत द्यायला." निजामुद्दीन स्थानकावर पलीकडचा फलाट धुरात दिसत नव्हता. मथुरा गेली, आग्रा गेले, आणि आमच्या ध्यानात आले, की ज्या हवेत आमची मुलगी श्वास घेते तिच्याविषयी कोणास जाब विचारावयाचा, त्याच्या नावापुढचे बटण आमच्या हाती नाही. आणि ज्यांच्या नावापुढचे बटण दाबावयास आम्ही चाललो आहोत, त्यांच्या विहिरीचे पाणी आम्ही वर्षातून आठ दिवस पितो.

दुसऱ्या दिवशी रात्री साताऱ्यास उतरलो. २० तारखेस सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत, जेथे आम्ही बाराखडी गिरविली त्याच खोलीत, आबांच्या पाठोपाठ उभे राहून मत दिले. हवा इतकी स्वच्छ होती, की तिची लाज वाटली. संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही आबांना सांगितले, की आता नाव दिल्लीस नेतो. आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सातबाऱ्यावर नाव हाय न्हवं तुजं? मग यादीत असंना." आम्ही कायदा सांगितला. हवा सांगितली, मुलीचा खोकला सांगितला. सारे मुद्दे क्रमाने, टिपणात मांडावे तसे. आबांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुजं खोटं न्हाई. पर यादीत घराच्या नंबराफुडं तीन नावं हुती. तुजी आय गेली, तिचं खोडलं. आता तुजं. मी एकलाच ऱ्हायलो बग."

यावर आमच्यापाशी पोटनियम नव्हता.

दिल्लीस परतल्यावर आम्ही नमुना ८ भरला. स्थलांतराचे कारण त्यात कोणी विचारीत नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी, दिल्ली विधानसभेच्या मतदानास, सौभाग्यवतींबरोबर घराजवळच्या शाळेत रांगेत उभे राहिलो. टेबलामागच्या कारकुनाने आमच्या बोटास शाई लावली. त्याचे स्वतःचे बोट पाहण्याचा मोह आम्ही आवरला. पडद्याआड गेल्यावर तेथे "असे वाटते" लिहिण्यास जागा नव्हती. बटण दाबले, यंत्र वाजले, बाहेर आलो.

सायंकाळी आबांचा दूरध्वनी आला.

"दिलंस का मत?"

"दिले."

"कुणाला?"

"आबा, ते सांगायचे नाही असा नियम आहे."

"माज्यापाशीबी?"

"तुमच्यापाशीही."

पलीकडे आबा हसले. "मंग मीबी न्हाई सांगत माजं. शाई लागली का?"

"लागली."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि पोरीचा खोकला कमी झाला का, ते विचारू लागले.

आमच्या बोटावरची शाई काही आठवड्यांत नखाबरोबर वाढत जाऊन कापली गेली. गावच्या यादीत आमच्या घराच्या क्रमांकापुढे आता एकच नाव आहे. जेथे आपली मुले श्वास घेतात तेथेच माणसाने मत द्यावे, असे वाटते. कोणाला वाटते म्हणाल, तर आम्हांला वाटते. या एका टिपणात तरी कर्ता आम्ही गैरहजर ठेवलेला नाही.