मिस्त्रींची पेन्सिल

१९९९ च्या जूनमध्ये माझ्याकडे १८ हजार रुपये होते. त्यातले ११ हजार दोन वर्षांच्या पगारातून साठवलेले आणि ७ हजार पतसंस्थेतून उचललेले. जामीन मेहुणे राहिले होते. कराडला पशुखाद्य विकणाऱ्या एका एजन्सीत मी नोकरीला होतो. माझ्याकडे उंब्रज, चाफळ, पाटण, ढेबेवाडी असा डोंगरात शिरणारा भाग होता. पहाटेची एसटी चुकली की दूध घालायची वेळ टळायची, डेअरीचा सचिव कुलूप लावून रानात निघून जायचा आणि माझा दिवस फुकट जायचा. मोटारसायकल मला मिरवायला नको होती, पोटासाठी हवी होती.

ओळखीच्या ओळखीतून एक स्प्लेंडर बघायला मिळाली. काळा रंग, एमएच-१२ पासिंग, टायर चांगले, एका किकला चालू. तशी गाडी तेव्हा बाजारात पंचवीसच्या खाली मिळत नव्हती. हा माणूस अठराला तयार झाला. आरसी बुक मागितलं, तर त्यानं झेरॉक्स काढून दाखवली. मूळ बुक मालकाकडं आहे, मालक आखातात नोकरीला आहे, दिवाळीला आला की टीटी फॉर्मवर सह्या करेल, तोवर बिनघोर चालवा, असं त्याचं म्हणणं. वीस रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर ‘गाडी विकली, रोख रक्कम भरून पावली’ एवढं त्यानं लिहून दिलं. तो कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला. तेव्हा मनात शंका आलीच नाही, असं आज सांगितलं तर ते खोटं ठरेल. शंका आली होती. सात हजार वाचताहेत, या आनंदाखाली मी ती दाबून टाकली.

तिसऱ्या दिवशी क्लच घसरतोय म्हणून गाडी मिस्त्रींकडे नेली. नाक्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. वय पन्नाशीचं. शाळा दुसरीत सुटलेली. ‘अक्षरं मला परकी, आकडे माझे,’ असं ते म्हणायचे. क्लचला हात लावण्याआधी त्यांनी हँडल पूर्ण वळवलं. हँडलचा दांडा सांगाड्यात जिथं शिरतो त्या गळ्याशी ग्रीस आणि धूळ बसली होती. ती त्यांनी रॉकेलच्या चिंधीनं पुसली, सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद त्यावर दाबून धरला आणि कानावरची पेन्सिल आडवी करून हलके घासली. चासी नंबर कागदावर उमटला. गाडी नावावर करताना फॉर्मवर अशीच पेन्सिल प्रिंट चिकटवावी लागते, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं.

“कागुद दे बघू.”

मी झेरॉक्स दिली. त्यांनी एकेका आकड्यावर नख टेकवत दोन्ही नंबर ताडून पाहिले.

“जुळत्यात,” ते म्हणाले. मला हायसं वाटलं. पण त्यांचं बोलणं अजून संपलं नव्हतं. “जुळत्यात, पण हे कंपनीनं मारल्यालं आकडं न्हाईत, बाळा. ह्यो सहा बघ, खाली बसलाय. ह्या तिनाच्या पोटात आठ दिसतोय का? घासून परत ठोकल्यात कुणीतरी.”

त्यांनी मला वाकायला लावलं आणि बोट धरून त्या आकड्यांवरून फिरवलं. कारखान्यात ठोकलेले आकडे एका रेषेत, एका खोलीचे असतात. इथं बोटाला सरळ चढउतार लागत होता. इंजिन नंबरपाशीही कानशीच्या रेघा होत्या. दुसऱ्या कुठल्या तरी खऱ्या स्प्लेंडरचा नंबर चोरून या गाडीवर चढवला होता आणि झेरॉक्स त्या खऱ्या गाडीच्या बुकाची होती.

हे सगळं आजच्या खरेदीदारानं नीट वाचावं असं मला वाटतं. आता फोनमध्ये एमपरिवहन आहे. पाटीवरचा नंबर टाकला की नोंदणी, विम्याची मुदत वगैरे डोळ्यांपुढं येतं, आणि माणूस निर्धास्त होतो. पण ॲपला कळतं ते पाटीवरच्या नंबरबद्दल. ती पाटी दुसऱ्याच सांगाड्याला लावली असेल, तर माहिती सगळी खरी निघते आणि गाडी चोरीची असते. खाली वाकून लोखंड बघावंच लागतं.

त्या संध्याकाळी मित्रांनी मला सल्ले दिले. एक म्हणाला, गावाकडंच वापर, हायवेला नेऊ नको. दुसरा म्हणाला, पार्ट सुटे करून विक, दहाएक हजार तरी येतील. जो मला गाडीपर्यंत घेऊन गेला होता, तो म्हणाला की दुसरा गिऱ्हाईक बघू आणि पुढं ढकलू. हा शेवटचा सल्ला मला रात्रभर पटत राहिला, हे मी इथं लिहून ठेवतो. सकाळी मिस्त्रींना तसं बोललोही. ते चिडले नाहीत. पाना खाली ठेवून एवढंच म्हणाले, “ज्याची गाडी गेली, त्यो पण असाच कुटंतरी एसटीची वाट बघत बसला आसंल.” मग शेडला कुलूप लावून ते माझ्या मागं त्याच गाडीवर बसले. “चल पोलीस ठाण्यात. मी हाय.”

ठाण्यात सकाळी दहाला गेलो, ते अंधार पडल्यावर बाहेर आलो. सुरुवातीचे तीन तास मी संशयितच होतो, आणि त्यांचं तरी काय चुकलं? चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला पुरेसं कारण असूनही, लबाडीनं तो जवळ ठेवला तर तेव्हाच्या दंडविधानाच्या ४११ कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होती. आता हाच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ कलमात आहे. बाजारभावापेक्षा बरीच कमी किंमत आणि मूळ कागद नाहीत, यालाच ‘पुरेसं कारण’ म्हणता येतं. माझ्या पिशवीतल्या स्टॅम्पपेपरवर फौजदारांनी नजर टाकली आणि तो बाजूला सारला. विकणाऱ्याचा पत्ता खोटा निघाला. माझी बाजू सांगणारी एकच गोष्ट त्या खोलीत होती, ती म्हणजे बाकावर बसलेले मिस्त्री. ‘पोरगा आपण होऊन गाडी घेऊन आला, नंबर मी बघितला, तवा त्याला कळलं,’ असा जबाब त्यांनी दिला आणि खाली अंगठा न उठवता मोठ्या कष्टानं सही केली. त्यांना सही करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

गाडी जप्त झाली. घासलेला नंबर प्रयोगशाळेत तेजाब लावून पुन्हा उठवतात. ठोकताना आकड्याखालचं लोखंड दबलेलं असतं, वरचा थर घासला तरी तो दाब आत राहतो, आणि आम्लानं ती जागा वेगळी खाल्ली जाते. अशा रीतीनं मूळ नंबर मिळाला आणि त्यावरून मूळ मालक मिळाला. पिंपरीच्या बाजूचा, दवाखान्यात वॉर्डबॉय असलेला माझ्याच वयाचा मुलगा. आई आजारी असताना दवाखान्याच्या दारातून त्याची गाडी गेली होती. विमा फक्त थर्ड पार्टी होता. त्यात चोरीची भरपाई मिळत नाही. नसलेल्या गाडीचे हप्ते तो सव्वा वर्ष फेडत होता. कोर्टाच्या आवारात भेट झाली, तेव्हा तो मला चार शब्द सुनावेल या तयारीनं मी उभा होतो. त्यानं आधी मिस्त्रींचे पाय धरले आणि मग मला म्हणाला, “तुम्ही तशीच पुढं विकली असती, तर मला ती कधीच दिसली नसती.” मी मान खाली घातली. विकणारच होतो, हे त्याला कुठं माहीत होतं?

त्याला गाडी सुपुर्दनाम्यावर मिळाली. माझे १८ हजार बुडाले. वकिलांनी दोन वाक्यांत सांगितलं: ज्याच्याकडं मालकीच नाही, त्याच्याकडून घेणाऱ्यालाही ती मिळत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यात हा नियम आहे आणि आपण प्रामाणिक होतो म्हणून तो बदलत नाही. पतसंस्थेचे हप्ते मी २००२ पर्यंत भरले.

मिस्त्रींना साक्षीसाठी चार तारखांना यावं लागलं. प्रत्येक वेळी शेड बंद, दिवसाची कमाई बुडालेली. मी पैसे पुढं केले की हात मागं सारायचे. तिसऱ्या तारखेनंतर रसवंतीत बसलो असताना मी शेवटी विचारलं, “मिस्त्री, तुम्ही माझ्यासाठी एवढं का करताय?” बराच वेळ ते गप्प राहिले. मग त्यांनी सांगितलं.

१९९१ मध्ये त्यांनी आपली राजदूत विकली होती. पैसे घेतले, बुक दिलं, फॉर्मवर सह्या दिल्या आणि विषय डोक्यातून काढून टाकला. घेणाऱ्यानं ती नावावर केलीच नाही, विमाही भरला नाही. वर्षभरानं त्याच्या भावकीतल्या कुणी तरी त्या राजदूतनं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला उडवलं. अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली ती मिस्त्रींच्या नावानं, कारण सरकारदरबारी मालक तेच होते. भरपाईसाठी वडिलांच्या वाट्याची बारा गुंठे जमीन गेली. “माझं गेलं त्ये गेलं,” ते म्हणाले. “पर त्या म्हाताऱ्याच्या घरी जाऊन आलो मी. गाडी माझी नव्हती, पर नाव माझंच होतं रं.”

सर्वोच्च न्यायालयानं ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये हेच स्पष्ट केलं, की नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची, मग गाडी पुढं कितीही हातांनी गेलेली असो. बातमी वाचली तेव्हा ती त्यांना वाचून दाखवावी असं फार वाटलं. पण तोवर ते नव्हते.

२००३ मध्ये मी दुसरी जुनी गाडी घेतली, ती मिस्त्रींनीच निवडली. पेन्सिल चालली, आकडे सरळ निघाले. बुकावर फायनान्स कंपनीचा बोजा होता. तो उतरवायला कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ आल्याशिवाय त्यांनी मला एक रुपयाही देऊ दिला नाही. मग विकणाऱ्याला आणि मला एसटीत घालून ते साताऱ्याला घेऊन गेले. तेव्हा आमच्या सगळ्या नोंदी एमएच-११ च्या, साताऱ्यालाच व्हायच्या. फॉर्म २९ आणि ३० खिडकीत गेले, पावती हातात पडली, तेव्हा कुठं त्यांनी विकणाऱ्याला पैसे मोजून घ्यायला सांगितलं. परतताना आठवण दिली, “चौदा दिवसांच्या आत इम्यावर नाव चढव.” फॉर्मवरची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. कोणता फॉर्म कशाचा, हे ते आकड्यांवरून ओळखत.

२०१६ च्या पावसाळ्यात ते गेले. त्यांची सीडी डॉन शेडमध्ये उभी होती. तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावून घेतलं. गाडी धाकट्याला हवी होती आणि गल्लीतल्या एकानं ‘तशीच चालवू दे, कोण विचारतंय’ असं सांगितलं होतं. मालक वारला तर वारसानं तीस दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. मी रजा टाकली. मृत्यूचा दाखला, वारसांच्या सह्या, विमा, सगळं गोळा केलं. शेडमध्ये त्यांच्या हत्यारांच्या पेटीत पेन्सिल सापडली, बोटभर उरलेली. हँडल वळवून गळा पुसला, कागद लावला आणि प्रिंट काढली. पहिल्यांदा हात थरथरला म्हणून ती बिघडली. दुसऱ्यांदा नीट आली.

महिनाभरानं पोस्टानं आरसीचं कार्ड आलं. त्यावर काकूंचं नाव आहे.