ट्रॉली वाहन आहे का?

खेड्यात शब्दाचा अर्थ कुणी विचारीत नाही. ‘गाडी बाजूला घे’ म्हणलं की घेणाऱ्याला कळतं, कोणती गाडी आन् कोणती बाजू. भांडण लागतं ते हेच बोलणं कागदावर उतरवायला बसलं की. नांदूरघाटात आमच्या गल्लीनं असा एक कागद केला होता. त्या कागदावर सगळ्यात जास्त वाद मी घातला आन् पुढं सगळ्यात जास्त लाज मलाच वाटली, म्हणून हे लिहायला घेतलं.

आमची गल्ली जुनी, बैलगाड्यांच्या हिशोबानं पडलेली. लहानपणी आमच्याकडं गाडी ‘उभी करणं’ आन् गाडी ‘सोडणं’ ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. बैल जुपलेले आहेत, कासरा हातात आहे, तर गाडी उभी. मालक केव्हाबी हलवील. बैल सोडले, जू खाली टेकवलं, की गाडी सुटली. ती आता सकाळपर्यंत हलत नसते. सुटलेली गाडी गल्लीत दिसली की म्हातारी माणसं ओट्यावरून मालकाच्या नावानं हाक मारीत. आमचे वडील म्हणायचे, "जू खाली ठेवायच्या आधी मागं बघावं, चार खांदेकरी निघतील का." कायद्याचं पुस्तक त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं माप तेवढंच.

पुढं बैल गेले. मोटारसायकली आल्या, पिकअप आले, ट्रॅक्टर आले. गल्ली मात्र हाये तेवढीच राहिली, उलट ओटे पुढं सरकून ती आणखी बारीक झाली. रोज कुणाचं ना कुणाचं वाजायचं. शेवटी एका संध्याकाळी सगळे मारुतीच्या पारावर बसलो. कॉलेजात जाणाऱ्या एका पोराला लिहायला बसवलं. त्यानं पहिली ओळ लिहिली, ‘रात्री गल्लीत कोणीही वाहन उभे करू नये.’

ओळ सोपी होती, पण प्रत्येक शब्दावर लोक अडले.

एकानं विचारलं, "रस्ता कशाला म्हणायचं? माझ्या ओट्यापुढली चार हात जागा माझीच की." तलाठ्याच्या नकाशाची माहिती असलेले एक आप्पा बोलले. म्हणले, नकाशात दोन तुटक रेघांचा गाडीमार्ग असतो, साडेसोळा ते एकवीस फुटांचा. आन् एका तुटक रेघेची पायवाट असती, सव्वाआठ फुटांची. मला तवा उमगलं की मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचा अर्धा साडेसोळा आन् पाव सव्वाआठ. गुंठाबी त्याच साखळीचा, 33 गुणिले 33, म्हणजे 1089 चौरस फूट. पण हे सगळं शिवारातलं. गावठाणात भिंत आधी उभी राहते आन् उरंल तो रस्ता.

पोरानं मोबाईलवर 1988 चा मोटार वाहन कायदा काढला. त्यात सार्वजनिक जागेचा अर्थ दिलेला आहे. जिथं लोकांना जायचा हक्क आहे ती जागा, मग तिथून पुढं वाट निघो की न निघो. म्हणजे आमची पुढं बंद असलेली गल्लीबी त्यात आली. ग्रामपंचायत कायद्यातबी कलम 53 आहे, रस्त्यावरच्या अडथळ्याचं आन् अतिक्रमणाचं. ओट्यावाले जरा गप झाले.

मग ‘वाहन’ आलं. एक म्हातारबा म्हणले, "माझा हातगाडा वाहन हाये का?" पोरगं वाचायला लागलं. यंत्रानं चालणारं, रस्त्यावर चालवायजोगं ते मोटार वाहन. चारापेक्षा कमी चाकं आन् 25 सीसीपर्यंतचं इंजिन असलं तर ते त्यात धरीत नाहीत. ट्रॅक्टरचा अर्थ तर मला फार आवडला. ज्याची बांधणी स्वतःवर ओझं वाहण्यासाठी केलेली नाही असं मोटार वाहन, म्हणजे ट्रॅक्टर. जन्मभर ट्रॅक्टरनं ओझी वाहिली, पण कायद्याच्या हिशोबानं वाहत होती ट्रॉली!

इथंच मी उठलो. माझी ट्रॉली रोज रात्री गल्लीत असायची. शेतात ठेवली तर टायर जातील ही धास्ती. हेड शेतातल्या शेडात कुलपात राहायचं, आन् शेडात ट्रॉली मावत नव्हती. मी म्हणलं, "ट्रॉलीला इंजिन नाही, स्टेरिंग नाही, ती आपल्या आपण वीतभर हलत नाही. ती वाहन कशी?" पोरगं म्हणलं, "बाप्पा, कायद्यात ट्रेलरबी वाहनच हाये. मोटारीनं ओढलेलं किंवा ओढायसाठी केलेलं." मी म्हणलं, "ओढलं तवा वाहन. पिन काढली की नुसतं लोखंड." सगळे हसले. त्या हसण्यात ‘ओढायसाठी केलेलं’ हे शब्द बुडून गेले. कागदावर लिहिलं गेलं, ‘वाहन म्हणजे इंजिन असलेले.’ मी जिंकून घरी आलो.

सोयाबीनची रास चालू होती त्या दिवसांतली गोष्ट. रात्री नऊच्या सुमाराला आमच्या थोरल्या वहिनी जळण आणायला परसात गेल्या आन् ओरडल्या. पायाला साप चावला होता. 108 ला फोन केला. साप चावलेल्या माणसाला चालवायचं नसतं, चालण्यानं विष अंगात लवकर भिनतं, हे आता आमच्याकडं लेकरालाबी माहीत आहे. गाडी आली, पण गल्लीच्या तोंडाशी थांबली. मधी माझी ट्रॉली. हेड तीन किलोमीटरवर शेतात, चावी माझ्या खिशात.

वहिनींना बाजेवर घेतलं. ट्रॉलीच्या एका अंगाला ओट्याची पायरी, दुसऱ्या अंगाला कुणाची तरी मोटारसायकल. आडवी बाज निघंना. दोघांनी एक बाजू डोक्यावर घेतली, दोघांनी दुसरी कमरेला धरली आन् तशी तिरपी बाज पुढं सरकवली. वहिनींनी बाजेच्या दोऱ्या घट्ट धरल्या होत्या. मी खालच्या अंगाला होतो. ट्रॉलीची फळी माझ्याच खांद्याला घासली. किती वेळ गेला असंल? दोन मिनिटं, तीन मिनिटं. कागदावर आम्ही ‘पाच मिनिटं चालतील’ असं सहज लिहिलं होतं.

आधी केज, तिथून अंबाजोगाई. वहिनी वाचल्या. चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो तर मलाच बसायला जागा करीत म्हणल्या, "भावजी, बाज तिरपी झाली तवा वाटलं, आता पडते." दुसरं काहीच बोलल्या नाहीत. ट्रॉलीचं नावसुद्धा काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मी स्वतः त्या पोराला बोलावलं. परत पारावर बसलो. ह्या बारीला मी सांगत होतो आन् तो लिहीत होता.

वाहन म्हणजे चाक असलेलं काहीबी. इंजिन असो नसो, बैल असो नसो.

रस्ता म्हणजे दोन्हीकडच्या भिंतींमधली सगळी जागा.

उभं करणं म्हणजे हलवणारा माणूस हाकेच्या अंतरावर आहे. तो नसंल तर ते सोडलं. गल्लीत सोडायचं नाही.

अडथळा म्हणजे ज्याच्या शेजारून चार माणसांना आडवी बाज नेता येत नाही ते.

शेवटची ओळ ऐकून आप्पा माझ्याकडं बघत राहिले. त्यांनी माझ्या वडिलांना ऐकलेलं होतं.

ट्रॉली आता शेतात असते. चाकाला साखळी घालून झाडाला बांधतो. एखाद्या रात्री टायरच्या काळजीनं जाग येते, नाही असं नाही. मग उठून दारात येतो. गल्ली ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी दिसते. जरा वेळ बघतो आन् परत येऊन पडतो.